मांजराच्या पंजाची गादी का फुगते?

प्रश्न : आमच्या मांजराच्या पुढच्या दोन्ही पंजांच्या मधल्या मोठ्या गाद्या फुगल्या आहेत. त्या हाताला मऊ लागतात, रंग जांभळट झाला असून वर बारीक पांढऱ्या रेघा दिसतात. मांजर लंगडत नाही. आत पू असल्यास चीर देऊन तो काढून घ्यावा का?

उत्तर : चीर देण्याची घाई करू नये. गळू बहुधा एकाच पायाला होते, दुखते आणि गरम लागते. तुम्ही लिहिलेली लक्षणे प्लाझ्मा सेल पोडोडर्माटायटिस या क्वचित आढळणाऱ्या आजाराशी अधिक जुळतात. यात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या प्लाझ्मा पेशी गादीत मोठ्या संख्येने साठतात. त्या का साठतात याचे पक्के उत्तर नाही. मात्र प्रतिकारशक्तीतील बिघाडाचा संशय घेतला जातो आणि यांतील काही मांजरांना एफआयव्ही या, मांजरांची प्रतिकारशक्ती कमकुवत करणाऱ्या विषाणूची लागण झालेली आढळते. म्हणून ती रक्ततपासणी करून घ्यावी. हा विषाणू माणसाला होत नाही, तेव्हा घरच्यांनी घाबरू नये.

निदानासाठी पशुवैद्य सुईने गादीतील पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि शंका उरल्यास बायोप्सी करतात. एकच गादी सुजलेली असती, तर गाठ किंवा रुतलेला काटा यांचाही विचार आधी करावा लागला असता. काही मांजरांत याच्या जोडीने हिरड्यांचा दाह किंवा मूत्रपिंडाचा विकार असतो, म्हणून तोंड आणि लघवी तपासण्याचा आग्रह तुम्हीच धरावा. पंजाकडे पाहताना नेमके हेच राहून जाते.

उपचारांत सहसा प्रथम डॉक्सिसायक्लिन देतात. ते प्रतिजैविक असले तरी येथे त्याचा उपयोग मुख्यतः दाह शमवण्यासाठी होतो, त्यामुळे ते अनेक आठवडे चालू ठेवावे लागते आणि चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून बंद करणे योग्य नाही. गोळी कोरडी गिळवल्यास ती अन्ननलिकेत अडकून तेथे जखम होऊ शकते व नलिका आकसू शकते. म्हणून गोळीनंतर लगेच सिरिंजने थोडे पाणी पाजावे किंवा दोन घास भरवावेत. गुण न आल्यास प्रेडनिसोलोन अथवा सायक्लोस्पोरिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे देतात, पण एफआयव्हीबाधित मांजराला ती जपूनच द्यावी लागतात. शस्त्रक्रिया क्वचितच करावी लागते. काही मांजरांची सूज आपोआपही ओसरते, त्यामुळे त्रास नसल्यास पशुवैद्य काही काळ केवळ लक्ष ठेवण्यास सांगू शकतात. गादी फुटली, रक्त येऊ लागले किंवा मांजर पाय टेकेनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.