कमाटी बागेतला देवमासा आणि तुमच्या लेकीचा गेम

ताई, सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला म्युझियमला येणाऱ्यांची आवड ओळखणारे ऑनलाइन गेम बनवायचे आहेत आणि तिचे बाबा म्हणतात, ‘हे काय पोटापाण्याचं काम आहे?’ आहे. तिला अडवू नका, हे आधीच सांगते.

मागच्या महिन्यात आईला आणि भाच्याला घेऊन मी कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये गेले होते. सयाजीरावांनी 1894 मध्ये सुरू केलेलं. भाचा देवमाशाच्या सांगाड्यापाशी मणके मोजत बसला. तीनदा चुकला, तीनदा पहिल्यापासून मोजले. आईला बघायची होती बडोद्याच्याच अकोट्यात सापडलेली कांस्यशिल्पं. तिथवर पोचेपर्यंत तिचे गुडघे कुरकुरायला लागले. या दोघांना एकच वाट कशी पुरेल?

तुमच्या लेकीचं काम नेमकं इथे सुरू होतं. वेरों आणि लेवासर या अभ्यासकांनी 1983 मध्ये प्रदर्शन बघणाऱ्यांचे चार प्रकार सांगितले: मुंगी, फुलपाखरू, मासा, नाकतोडा. मुंगी भिंतीच्या कडेकडेने एकेक वस्तू बघत जाते, मासा मधूनच सरळ निघून जातो, नाकतोडा फक्त आवडीच्या वस्तूकडे उडी मारतो. आपण कोण, हे दारात विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. पण घरी मोबाइलवर दहा मिनिटं खेळताना माणूस कोडं निवडतो की गोष्ट, कुठल्या चित्रावर रेंगाळतो, कशाला कंटाळतो, हे आपोआप कळतं. त्यावरून त्याच्यापुरती वाट आखून देता येते. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमबरोबर 2005 पासून चाललेल्या ‘चिप’ प्रकल्पात लोक संकेतस्थळावर चित्रांना गुण देत आणि त्यावरून संगणक त्यांची फेरी ठरवत असे.

प्रोग्रामिंग तिला येतंच. कमी पडेल ती वस्तूंची ओळख. त्यासाठी आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून म्युझिऑलॉजीचा, म्हणजे संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. देशभरातून मुलं त्यासाठी बडोद्याला येतात, तुम्हाला तर तो घरापाशी आहे. बी.सी.ए.नंतर तिथल्या पदव्युत्तर प्रवेशाची चौकशी आत्ताच करा. गेमच्या रचनेतच रस जास्त असेल तर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा डिजिटल गेम डिझाइनचा एम.डेस. हा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, पण माझं मत विचाराल तर आधी म्युझिऑलॉजी.

पैशाचंही स्पष्ट सांगते. म्युझियममध्ये कायमच्या जागा थोड्या. असं काम बहुधा प्रदर्शनं उभारणाऱ्या डिझाइन स्टुडिओंकडे, प्रकल्पापुरतं मिळतं. पहिली काही वर्षं ओढाताण होईल, तेव्हा प्रोग्रामिंगचा हात सुटू देऊ नये. आणि मुलांसाठी गेम करताना एक भान हवंच: 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागते. खेळता खेळता पोराची आवडनिवड टिपणं ही जबाबदारीची गोष्ट आहे.

आता कॉम्प्युटर बंद करून तिला वही घेऊन चार दिवस कमाटी बागेत पाठवा. इजिप्तच्या ममीपाशी कोण किती वेळ थांबतं, कुठल्या पाटीकडे कुणीच बघत नाही, आजी-आजोबा बसायला जागा कुठे शोधतात, हे सगळं लिहून आणू दे. मग त्यावरून कागदावरच दहा प्रश्नांचा खेळ करू दे आणि तो पहिल्यांदा तिच्या बाबांना खेळायला द्या. त्यांची जी वाट निघेल, त्या वाटेने बापलेकींनी एकदा म्युझियम फिरून यावं. नंतर वही घेऊन दोघांनाही माझ्याकडे पाठवा.