गाडी खाली घेतलीत, आता चाक कुठलं?

या वेळचे वाचकांचे बहुतेक प्रश्न स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतलेल्यांचे, म्हणजे तिची जमिनीपासूनची उंची कमी केलेल्यांचे आहेत. गाड्या वेगळ्या असल्या तरी घोळ एकच आहे. आधी अलॉय (मिश्रधातूचं रिम) आवडतं, मग त्यावर बसणारा टायर शोधला जातो आणि गाडीत त्याला जागा आहे का, हे सगळ्यात शेवटी बघितलं जातं.

माझी पोलो जीटी टीएसआय ३५ मिमी खाली घेतली आहे. मूळ टायर १८५/६० आर १५. दुकानदार म्हणतो १७ इंची अलॉय आणि २०५/४० टाका, लुक येईल. टाकू का? (पुणे)

नका टाकू. कारण आकड्यांतच आहे. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या साठ टक्के, म्हणजे १११ मिमी. शेवटचा १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. २०५/४० ची भिंत भरते ८२ मिमी. बाहेरचा व्यास मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, आधी ६०३ आणि आता ५९६. म्हणून स्पीडोमीटर फारसा चुकत नाही आणि दुकानदार छातीठोकपणे ‘फिट बसतो’ म्हणतो. तो खोटं बोलत नाही. पण खड्ड्याचा मार झेलणारं २९ मिमी रबर तुम्ही काढून टाकलंत, आणि तेही अशा गाडीचं, जिच्या सस्पेन्शनला दबायला आधीच कमी जागा उरली आहे. गाडी खाली घेतली की स्प्रिंगचं बरंचसं काम टायरच्या भिंतीवर येऊन पडतं. तिलाच कापून कसं चालेल?

मागच्या पावसाळ्यात एका मित्राच्या गॅरेजमध्ये अशीच एक पोलो लिफ्टवर होती. बाहेरून रिम आरशासारखं चकाचक. चाक उतरवून उलटं केलं, तर आतली कड दोन बोटं रुंदीची चपटी झालेली आणि टायरच्या आतल्या भिंतीला लिंबाएवढा फुगा. मालकाची तक्रार एवढीच होती की हवा सारखी कमी होते. असा फुगा म्हणजे आतले धागे तुटलेले असतात. त्याला दुरुस्ती नाही, टायर बदलायचाच.

‘मी खड्डे चुकवतो’ असं सगळेच म्हणतात. गतिरोधक कसे चुकवणार? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे तो १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद चढून उतरते. आपल्या सोसायट्यांसमोर हातभर रुंदीचे डांबराचे गोळे असतात. तिथे टायरची भिंतच गाडी वाचवते.

तुमच्यासाठी माझी निवड १९५/५० आर १६, साडेसहा जे रुंदीच्या रिमवर (आकडा रिमच्या रुंदीचा, इंचांत; जे हा रिमच्या कडेचा आकार). व्यास ६०१, भिंत साडेसत्त्याण्णव मिमी. दिसतंही छान, कारण गाडी खाली असली की चाकावरच्या कमानीतली फट आपोआप भरते. जीटीच्या नंतरच्या गाड्यांना कंपनीनेच १६ इंची अलॉयवर १९५/५५ दिला, पण त्याचा व्यास ६२१ मिमी होतो. कंपनीच्या उंचीवर तो चालतो, तुमच्या कमानीत मला तो नको वाटतो. घेताना लोड इंडेक्स ८४ च्या खाली जाऊ नका. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, ८० म्हणजे ४५०.

पोलोच आहे. नवीन रिम ७ जे, ईटी ३५. जुनं ६ जे, ईटी ४० होतं. मागे दोघं बसले की टायर कमानीला घासतो. फेंडरची कड दुमडून घेऊ का? (कोल्हापूर)

कड दुमडण्याआधी हिशेब करू. रिम एक इंचाने रुंद झालं, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ईटी म्हणजे ऑफसेट, रिमच्या मध्यापासून हबला (चाक गाडीला जिथे बोल्टने जोडतात, त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठापर्यंतचं अंतर. ते ५ ने कमी झालं की सगळं चाक ५ मिमी बाहेर सरकतं. म्हणजे बाहेरची कड जवळपास १८ मिमी बाहेर आली आणि आतली कड ८ मिमी आत गेली. मागे घासणारच. साडेसहा जे, ईटी ४० घेतलं असतंत तर दोन्हीकडे सहा-सहा मिमीच वाढले असते. दुकानदार रिम बदलून देत असेल तर तेच करा. कड दुमडताना रंग तडकतो आणि आपल्या पावसात तिथून गंज धरतो, म्हणून तो उपाय मी अगदी शेवटी ठेवतो.

पुढचं रिम घेण्याआधी जागा मोजा. त्याला कणकेचे चार गोळे पुरतात. घट्ट मळलेली कणीक कमानीच्या आत, टायरच्या वर आणि बाहेरच्या कडेला चिकटवा. मागे तीन माणसं बसवा आणि गल्लीतल्या गतिरोधकावरून सावकाश जा. मग पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. गोळा जिथे सर्वांत पातळ दाबला गेला, तेवढीच तुमची खरी जागा. मला तिथे बोटभर तरी जाडी उरलेली हवी असते, कारण वेगात खड्डा आला की चाक याहून वर जातं.

अलॉय टाकल्यापासून ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. तीनदा बॅलन्सिंग झालं, फरक नाही. पोलो, पाच बोल्ट. (ठाणे)

चौथ्यांदा बॅलन्सिंग करू नका. आज-उद्यातच चाक उतरवून दोन गोष्टी बघा. पहिली, मधलं भोक. पोलोचा हब ५७.१ मिमी, बाजारातल्या अलॉयचं भोक बहुतेक वेळा त्याहून मोठं. मधली पोकळी भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक मध्यावर बसत नाही आणि थरथरतं.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं डोकं खालून गोलाकार असतं, बाहेरच्या अलॉयमध्ये बहुधा शंकूसारखी निमुळती बैठक असते. गोल बोल्ट निमुळत्या बैठकीत घातला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो. आवळलेला वाटतो आणि चालता चालता ढिला होतो. जुनेच बोल्ट वापरले असतील तर ही गाडी द्रुतगती मार्गावर नेऊ नका. योग्य बैठकीचे बोल्ट घ्या, हवेच्या गनने न ठोकता टॉर्क पान्याने १२० न्यूटन मीटरला आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

टायरची आतली बाजूच झिजते. (नाशिक)

गाडी खाली घेतल्यावर अलाइनमेंट केलंत का? उंची बदलली की पुढच्या चाकांचा टो (वरून पाहिल्यास चाकं आत-बाहेर किती वळली आहेत) आणि कॅम्बर (समोरून पाहिल्यास किती कललेली आहेत) दोन्ही हलतात. टायर सगळ्यात लवकर खातो तो टो. स्प्रिंग नवी असेल तर आठवडाभर गाडी चालवून तिला बसू द्या, मग अलाइनमेंट करा.

विम्याचं काय? (नवी मुंबई)

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांहून वेगळा बदल गाडीत करता येत नाही. स्प्रिंग आणि चाकांबद्दल विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा. अपघातानंतर ही गोष्ट उघड झाली तर दाव्यात अडचण येऊ शकते.

इंग्लंडमध्ये राहतो. १९९४ ची माझदा एमएक्स-५ घेतली, आधीच्या मालकाने ३० मिमी खाली केलेली. चाकं १४ इंची, १८५/६०. इथले मित्र १७ म्हणतात. (रेडिंग)

तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी टनभराची आहे आणि तिची सगळी गंमत त्या हलकेपणात आहे. तिला १५ इंची, ७ जे रिम आणि १९५/५० आर १५ द्या. मूळ व्यास ५७८, हा ५७६, म्हणजे गिअरिंग आणि स्पीडोमीटर जागच्या जागी. १७ इंचीवर २०५/४० टाकलात तर व्यास ५९६ होतो. खाली घेतलेल्या गाडीची कमान तेवढी जागा देत नाही आणि मोठं चाक बहुधा जडही असतं. स्प्रिंगच्या खालचं वजन वाढलं की ही गाडी रस्त्याशी बोलणं कमी करते.

पीसीडी ४ गुणिले १००, म्हणजे बोल्टची चार भोकं १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर. हब ५४.१. ऑफसेट ३५ च्या आसपास ठेवा. मूळ रिम ईटी ४५ आणि साडेपाच जे असेल, तर बाहेरची कड २९ मिमी पुढे येईल, तेव्हा कणकेचा प्रयोग तुम्हीही करा. टायर बॉडीला घासला तर तिकडे एमओटीत, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास होते. विमा कंपनीला लोअरिंग आणि चाकं दोन्ही कळवा.

आणि विकत घेण्याआधी रिम तोला. भारतात येताना बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात असेलच. तो घेऊन दुकानात जा. दोन रिम आवडली तर हलकं घ्या, पण त्यावर भार क्षमतेचा आकडा उमटवलेला असला पाहिजे. तो आतल्या बाजूला, आऱ्यांच्या मागे सापडेल.