वाचक विचारतात : नीपर नदीवरची उडी

प्रश्न : सुभेदारकाका, गेल्या अंकात तुम्ही १९७१ च्या युद्धातल्या, बांगलादेशातल्या टांगाईलच्या उडीबद्दल लिहिलंत. छत्रीसैनिकांची मोठी दलं तर सोव्हिएत रशियाने आपल्या कितीतरी आधी उभारली. मग महायुद्धातल्या त्यांच्या उड्यांचं नाव का ऐकू येत नाही?
– एक विद्यार्थी, अंजर्ले

उत्तर : बाळा, १९३५ साली कीव्हच्या सरावात त्यांनी १२०० जवान छत्रीने उतरवले, तेव्हा परदेशी अधिकारी बघत राहिले होते. जवान तयार होते, विमानं पुरेशी नव्हती. जर्मन चालून आल्यावर ही निवडक पोरं बहुतेक पायदळ म्हणूनच लढली. स्टालिनग्राडच्या ट्रॅक्टर कारखान्यापाशी झुंजलेली ३७वी गार्ड्स डिव्हिजन मुळात छत्रीसैनिकांचीच.

मोठी उडी झाली ती २४ सप्टेंबर १९४३ च्या रात्री, युक्रेनमधल्या नीपर नदीच्या बुक्रिन वळणावर. ३ऱ्या आणि ५व्या गार्ड्स हवाई ब्रिगेडने नदीपलीकडे उतरून जर्मन कुमक अडवायची, असा बेत. पण खाली नेमकं कोण आहे, याची खबर शिळी होती. जर्मन तुकड्या तिथे येऊन पोचल्या होत्या. विमानं कमी, इंधन कमी. ५वी ब्रिगेड पुरती उडालीच नाही. साडेचार हजारांच्या आसपास माणसं उतरली, त्यांच्यासोबत तोफ एकही नाही.

आता उंचीचं बघ. ठरली होती ६०० मीटर. विमानवेधी मारा सुरू झाला आणि वैमानिकांनी दोन हजारांपर्यंत उंची वाढवली, वेगही वाढवला. मी आग्र्याला उड्या मारल्यात, त्यामुळे हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडतो. छत्री सेकंदाला साधारण ५ मीटर खाली येते. दोन हजारांवरून येणारा जवान साडेसहा मिनिटं हवेत, बंदुकांच्या तोंडावर. वारा ताशी ३० किलोमीटर धरलास तर तो तीन किलोमीटर वाहत जातो : दक्षिणवारा असताना हर्णै बंदरावर सोडलेला माणूस खाडी ओलांडून तुमच्या अंजर्ल्यात. त्यात रात्र, आणि नकाशा चुकलेली विमानं. कुणी नदीत पडले, कुणी आपल्याच फौजेवर. टांगाईलला, ११ डिसेंबर १९७१ ला, आपली २ पॅरा ही छत्रीसैनिकांची बटालियन दिवसाउजेडी उतरली आणि खाली मुक्तिवाहिनीची माणसं मदतीला होती. दोन्हींची तुलना करताना हे आधी लक्षात घे.

३ ऑक्टोबरला स्टालिनने हुकूम काढून या रात्रीच्या उडीवर कडक ठपका ठेवला आणि उरलेलं हवाई दल राखीव ठेवलं. जर्मन आघाडीवर एवढी उडी त्यांनी पुन्हा घेतली नाही.

मला मात्र उतरल्यानंतरची गोष्ट जास्त मोलाची वाटते. ५व्या ब्रिगेडचे लेफ्टनंट कर्नल सिदोर्चुक यांनी कानेव्हच्या जंगलात विखुरलेले जवान गोळा केले. गनिमी काव्याने लढणाऱ्या स्थानिकांच्या साथीने ते दीड महिना जर्मनांच्या पाठीमागे टिकले, रेल्वे उखडत, ठाणी मारत. नोव्हेंबरच्या मध्यात सोव्हिएत ५२व्या सेनेने चेर्कासीजवळ स्विदिवोकला नदी ओलांडली, तेव्हा पैलतीरावर आतून धडक मारायला हेच जवान होते. तुझ्या वर्गात कुणी विचारलं तर ही दुसरी गोष्टही सांग.
– निवृत्त सुभेदार, दापोली