गुरुवारी साडेसहाला, बेसमेंटमध्ये

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नोकरी पक्की, व्हिसा हातात, जानेवारीत अमेरिकेत, क्लीव्हलँडला. घरभाडं, गाडी, मुलीची शाळा याची माहिती तुम्ही माझ्यापेक्षा जास्त काढलेली दिसते, त्यामुळे त्यात शिरत नाही. एवढंच सांगतो की एरी सरोवरावरून येणारा बर्फ पूर्वेकडच्या उपनगरांत पश्चिमेपेक्षा बराच जास्त पडतो. ऑफिसपासून घर किती लांब आहे ते जानेवारीच्या हिशेबाने मोजा.

तुमचा खरा प्रश्न शेवटच्या दोन ओळींत आहे. तिथल्या माणसांशी मैत्री होते का, की पंधरा वर्षं राहूनही आपण आपल्यातच? आणि वडील सहा महिने येणार, त्यांचा दिवस कसा जाणार?

मैत्री होते, पण जेवायला बोलावून होत नाही. मी इथे २०११ साली आलो आणि पहिलं दीड वर्ष तेच करत होतो. शेजाऱ्यांना बोलवायचं, बायकोने दोन दिवस खपून स्वयंपाक करायचा, त्यांनी तोंडभरून कौतुक करायचं आणि जाताना 'आता तुम्ही या' म्हणायचं. आपल्याकडचं 'या एकदा घरी' जसं असतं, तसंच तेही. मनात खोट नसते, तारीखही नसते. इथली माणसं काहीतरी करता करता जवळ येतात. ठरलेला वार, ठरलेली वेळ आणि हाताला काम. माझ्या बाबतीत ते काम निघालं फाशांनी बेसबॉल खेळणं. हसू नका.

झालं असं. समोरच्या घरात शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहतात. त्यांना आम्ही घरात मास्तरच म्हणतो. बर्फ उपसायला त्यांचं फावडं मागायला गेलो, तर गॅरेजमधल्या टेबलावर कार्डांचे गठ्ठे लावून एकटेच फासे टाकत बसले होते. प्रत्येक दानानंतर वहीत काहीतरी टिपायचे. मी म्हटलं, आम्ही शाळेत असं क्रिकेट खेळायचो, पुस्तकाने. त्यांनी लगेच खोक्यातली जुनी टेलिफोन डिरेक्टरी काढून दिली: दाखव. मी पानं उघडून दाखवली. शेवटचा आकडा चार तर चौकार, सहा तर षटकार, शून्य आला की आउट, आठ आला की एक रन (हा आमच्या वर्गाचा नियम, तुमचा वेगळा असेल). मास्तरांनी पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुमचा सर्वांत भारी बॅट्समन आणि शेवटचा रडतराऊत, दोघांना पानं सारखीच?"

इतकी वर्षं मला हे खटकलंच नव्हतं.

त्यांच्या गठ्ठ्यांत याचंच उत्तर होतं. खेळाचं नाव स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन नावाच्या न्यूयॉर्कच्या मुलाने अकराव्या वर्षी फाशांचा बेसबॉल रचला, पुढे कॉलेजात गणित शिकताना तो घासूनपुसून नीट केला आणि १९६१ मध्ये बाजारात आणला. खऱ्या खेळाडूची खऱ्या मोसमातली कामगिरी एका कार्डावर उतरवलेली असते. फासे तीन, त्यातला एक पांढरा. पांढऱ्यावर एक ते तीन पडलं तर बॅटरच्या कार्डावरचा त्या नंबरचा रकाना बघायचा, चार ते सहा पडलं तर पिचरच्या, म्हणजे बॉल टाकणाऱ्याच्या कार्डावरचा. उरलेल्या दोन फाशांची बेरीज म्हणजे त्या रकान्यातली ओळ. दोन फाशांची बेरीज सात यायच्या वाटा छत्तीसपैकी सहा, बाराची एकच. म्हणून ज्याच्या कार्डावर सातच्या ओळीत होम रन (आपल्या षटकाराचा भाऊ) आहे तो बॅटर उभा राहिला की समोरच्याच्या पोटात गोळा येतो. काही ओळींत दोन निकाल असतात, तिथे वीस बाजूंचा चौथा फासा टाकून फैसला. बॉल फील्डरकडे गेला तर त्याच्या हातांची गुणवत्ताही एक ते पाच अशी ठरवलेली असते. दान नशिबाचं, पण कोणाला कधी खेळवायचं ही अक्कल तुमची. एक मॅच अर्ध्या-पाऊण तासात संपते. गप्पा मारत खेळलं तर दीड तास, आणि आम्ही गप्पाच मारतो.

एपीबीए नावाचा दुसरा खेळ याहून जुना, १९५१ चा, पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचा. त्यात दोन फासे बेरीज न करता दोन अंकी आकडा म्हणून वाचतात, ११ ते ६६. दोन्ही पंथांत पुरणपोळी दुधाशी की तुपाशी असला कायमचा वाद आहे. तुम्हाला ज्याच्या घरी बोलावतील त्याचा पंथ खरा माना.

मास्तरांनी त्या गुरुवारी बोलावलं. बेसमेंटमध्ये चौघं: मास्तर, एक निवृत्त पोस्टमन, एक प्लंबर आणि प्लंबरचा मेहुणा. साडेसहाला ये म्हणाले होते, मी सात वाजता पोहोचलो. आपल्या हिशेबाने वेळेवरच. ते चौघं हात बांधून बसले होते, कारण माझ्या वाटणीची टीम माझ्याशिवाय कोणी हलवत नाही असा त्यांचा नियम. कोणी एक शब्द बोललं नाही. त्यापेक्षा बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसरी चूक चकल्यांची. बायकोने डबा भरून दिला, सगळ्यांना आवडल्या, आणि मी त्याच बोटांनी फ्रँक रॉबिन्सनचं जुनं कार्ड उचललं. हा माणूस १९७५ मध्ये क्लीव्हलँडचा मॅनेजर झाला, मेजर लीग या इथल्या सर्वांत वरच्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय मॅनेजर. स्वतः खेळतही होता, आणि मॅनेजर म्हणून पहिल्याच मॅचमध्ये बॅटिंगला येताच त्याने होम रन मारली होती. अशा माणसाच्या कार्डावर माझ्या अंगठ्याचा तेलाचा डाग. मास्तरांनी कार्ड दिव्यासमोर धरलं. डागातून पलीकडचा उजेड दिसत होता. मी नवीन कार्ड मागवून देतो म्हटलं तर नको म्हणाले. ते कार्ड अजून त्या गठ्ठ्यात आहे आणि रॉबिन्सन बॅटिंगला आला की प्लंबर कागदी नॅपकिन माझ्याकडे सरकवतो. तेव्हापासून बेसमेंटमध्ये खाणं नऊ वाजल्यानंतर, हात धुऊन.

या लोकांशी बेसबॉल बोलायचा म्हणजे त्यांच्या लहानपणाविषयी बोलायचं, हे मला हळूहळू कळलं. क्लीव्हलँडची टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे मोसमाची अंतिम लढत, शेवटची जिंकली १९४८ मध्ये. २०१६ ला शिकागोविरुद्ध त्या लढतीच्या सातव्या, शेवटच्या मॅचपर्यंत गेली. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये आमच्या राजाय डेव्हिसने, ज्याच्या नावावर मोसमभरात फक्त १२ होम रन होत्या, शिकागोच्या डावखुऱ्या चॅपमनच्या तुफान बॉलवर होम रन मारून ६-६ केलं. आम्ही पाचही जण सोफ्यावरून उठलो होतो. मग नऊ इनिंग संपल्या, पाऊस आला, १७ मिनिटं खेळ थांबला आणि दहाव्या इनिंगमध्ये शिकागो ८-७ ने जिंकलं. त्यांचा १०८ वर्षांचा उपास सुटला, आमचा वाढला. दर नोव्हेंबरला आम्ही ती मॅच फाशांनी पुन्हा खेळतो. डेव्हिसचं कार्ड उचलून डावखुऱ्या पिचरसमोरचे रकाने बघायचे आणि दान टाकायचं. आजवर आमच्या टेबलावर ती होम रन एकदाही पडलेली नाही. मॅच मात्र दोनदा जिंकलोय.

एक सावधगिरी. टीमचं नाव २०२१ पर्यंत इंडियन्स होतं, २०२२ पासून गार्डियन्स. नाव का बदललं यावर इथे घराघरांत दोन मतं आहेत, तुम्ही पहिल्या भेटीत तिसरं देऊ नका. 'तुझ्याच नावाची टीम' हा विनोद मी अकरा वर्षं ऐकला. त्यांच्या अंगवळणी पडलेला, माझ्या कधीच नाही. मूळ वाद आपल्याविषयी नाही, इथल्या आदिवासींविषयी आहे, एवढं लक्षात असू द्या.

आता वडिलांविषयी, कारण सांगण्यासारखं इथेच जास्त आहे. माझे वडील २०१४ च्या हिवाळ्यात आले. वय ७६, इंग्रजी कामापुरतं, संध्याकाळी पाचला अंधार. दोन आठवड्यांत खिडकीशी बसून राहायला लागले. सांगलीला त्यांनी वीस वर्षं क्लबच्या मॅचेसचं स्कोअरिंग केलं होतं, म्हणून एका गुरुवारी सोबत नेलं. मास्तरांची वही त्यांनी ओढून घेतली. कुठला चौकोन कशासाठी, एवढं बोटाने विचारलं, आणि तिसऱ्या इनिंगपासून वही त्यांच्याकडेच. ज्याने बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे मॅचचा आकड्यांचा तक्ता घडवला तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि क्रिकेटचा वार्ताहर होता, हे मास्तरांनीच आम्हाला सांगितलं. स्ट्राइक आउटसाठी, म्हणजे बॅटर तीन स्ट्राइकवर बाद झाला की लिहायचं इंग्रजी 'के' हे अक्षरही त्याचंच. बाबांना त्याचं काही अप्रूप वाटलं नाही. म्हणाले, "मग बरोबर आहे. हिशेब ओळखीचा वाटलाच."

पोस्टमन आणि बाबा जवळपास एकाच वयाचे. पोस्टमन आठ वर्षांचे असताना वडिलांबरोबर १९४८ च्या वर्ल्ड सिरीजची पाचवी मॅच बघायला गेले होते. मैदानात ८६,२८८ माणसं. क्लीव्हलँडचा पिचर बॉब फेलर याची त्या दिवशी धुलाई झाली, टीम हरली, पण मध्येच सॅचेल पेज बॉलिंगला आला. वर्ल्ड सिरीजमध्ये उतरलेला पहिला कृष्णवर्णीय पिचर, वय ४२. लोकांच्या पाठींमुळे आपल्याला त्याची फक्त टोपी दिसली, असं ते सांगत होते, आणि मी बाबांसाठी मराठीत करत होतो. साल ऐकल्यावर बाबा ताठ बसले. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ वर नाबाद होते, ब्रॅडमनच्या ४५२ च्या विश्वविक्रमाला फक्त नऊ कमी, आणि समोरच्या कप्तानाने पुढे खेळायलाच नकार दिला. बाबांनी हे मराठीतच सांगितलं, हातवारे करून. माझं भाषांतर पूर्ण व्हायच्या आत पोस्टमननी टेबलावर मूठ आपटली. "खेळायला नकार? नऊ राहिले असताना?" त्या रात्री फासे बाजूलाच राहिले. मास्तरांनी कोऱ्या कार्डावर रकाने आखले आणि निंबाळकरांचं कार्ड बनवायला घेतलं. अडचण अशी की कुठल्याच ओळीत आउट लिहायला बाबा तयार होईनात.

तेव्हा इथे आल्यावर लगेच महागडा संच विकत घेऊ नका. कॉम्प्युटरवरही हा खेळ मिळतो, पण सुरुवात त्याने करू नका, त्यात पुन्हा एकटेच बसाल. लायब्ररीच्या सूचना फलकावर आणि बोर्ड गेम विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. बेसबॉलच हवा असंही नाही. सुतारकाम, विणकाम, काहीही चालेल, पण वार आणि वेळ ठरलेली हवी. क्रिकेटही इथे आहे, पण उन्हाळ्यात. ते कठीण महिने मात्र नोव्हेंबर ते मार्च.

तुम्ही पश्चिमेकडे राहायचं ठरवलंत तर आमच्याकडेच या. पोस्टमन आता थकलेत, त्यांच्या वतीने दान मी टाकतो, म्हणजे टेबलाला एक हात कमी आहे. वडिलांना येताना चांगली पेन्सिल घेऊन यायला सांगा, माझ्या बाबांची नटराज अजून फाशांच्या डब्यात आहे पण फार आखूड झालीय. साडेसहा म्हणजे साडेसहा.