वाचकांचे प्रश्न: तुसडे कोण, मदतीला धावणारे कोण?

परक्या देशातल्या माणसांची बोलण्याची रीत आणि अनोळखी माणसाला मदत करण्याची वृत्ती यांबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

मुलगी शिकायला नेदरलँड्सला निघाली आहे. तिथली माणसं फटकळ असतात, असं जो तो सांगतो. अमेरिकेतली माणसं गोड बोलतात पण ते सगळं वरवरचं, असंही ऐकतो. तिनं मनाची काय तयारी करावी?

हे दोन्ही शेरे एकाच गफलतीतून आलेले आहेत. आपण घरचं माप घेऊन समोरच्याचं बोलणं मोजतो. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषेच्या अभ्यासकांनी इंग्रजी, तमिळ आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल या भाषांतलं बोलणं ताडून पाहिलं आणि सौजन्याचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात समोरच्याला जवळ घ्यायचं असतं. त्याची चौकशी करायची, कौतुक करायचं, त्याला आपल्यातला मानायचं. दुसऱ्यात त्याला मोकळं ठेवायचं असतं. त्याचा वेळ खायचा नाही, त्याला भिडेस पाडायचं नाही, नाही म्हणायला जागा ठेवायची. दोन्ही प्रकार सगळीकडे सापडतात, प्रमाण तेवढं बदलतं. पहिल्यात वाढलेल्याला दुसरा कोरडा वाटतो आणि दुसऱ्यात वाढलेल्याला पहिला चोंबडेपणा वाटतो.

नेदरलँड्समध्ये अभ्यासाच्या आणि कामाच्या बोलण्यात आडवळणं कमी असतात. ‘हा भाग जमलेला नाही, पुन्हा लिही’ हा शेरा कागदावर असतो, तो मुलीनं स्वतःवर घेऊ नये. ‘नेमकं काय बदलू?’ असं लगेच विचारावं. गप्प राहिलं तर मान्य आहे असं धरलं जातं आणि गैरसमज तिथून वाढतो. अमेरिकेत दुकानातल्या माणसानं ‘कसे आहात?’ म्हटलं तर ते अभिवादन असतं. ‘छान, तुम्ही?’ एवढं उत्तर पुरतं. त्यानं मैत्रीचा शब्द दिलेलाच नसतो, त्यामुळे त्याला खोटा म्हणणं अन्यायाचं आहे.

आणखी दोन गोष्टी तिला आधीच माहीत असाव्यात, कारण त्या नकळत मनात अढी धरायला लावतात. पहिली म्हणजे उत्तराआधीची शांतता. २००९ मध्ये दहा भाषांतले हो-नाही स्वरूपाचे प्रश्न मोजले गेले. उत्तर यायला सरासरी सुमारे ०.२ सेकंद लागले. जपानी बोलणाऱ्यांत ही फट जवळजवळ नव्हतीच, डॅनिश बोलणाऱ्यांत ती अर्ध्या सेकंदाच्या जवळ होती. आपण त्या फटीत ‘याला नाही म्हणायचंय’ असं ऐकतो. दुसरी गोष्ट अंतराची. २०१७ मध्ये ४२ देशांत लोकांना विचारलं की अनोळखी माणूस किती लांब उभा असलेला बरा. अर्जेंटिनात उत्तर सुमारे ७६ सेंटिमीटर आलं, रोमानियात ते १४० च्या घरात गेलं. समोरचा एक पाऊल मागे सरकला तर त्याला तुमची शिसारी आली असं समजू नका. आपणही पुढे सरकायचं नाही, एवढं केलं की झालं.

सर्वांत मदत करणारा देश कोणता? एका यादीत एक नाव असतं, दुसऱ्या यादीत तेच नाव तळाला असतं.

कारण प्रत्येक यादी वेगळीच गोष्ट मोजते. यादी वाचण्याआधी मोजणी कशी केली ते शोधावं.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ देशांतल्या प्रत्येकी एका मोठ्या शहरात तीन प्रसंग उभे केले आणि निष्कर्ष २००१ मध्ये छापले. चालताना पेन पाडणं, पायाला आधारपट्टी लावून लंगडत मासिकांचा गठ्ठा सांडणं, आंधळ्याच्या वेशात रस्ता ओलांडायला थांबणं. रिओ दि जानेरोत ९३ टक्के वेळा मदत मिळाली, कोस्टारिकातल्या सान होजेत ९१, मलावीतल्या लिलाँग्वेत ८६, कोलकात्यात ८३, व्हिएन्नात ८१. न्यूयॉर्क ४५ वर आणि क्वालालंपूर ४० वर राहिलं. व्हिएन्नाचे लोक कुरकुरे म्हणून ओळखले जातात, तरी ते पहिल्या पाचांत आहेत.

याच पाहणीतला एक बारकावा मला या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये मदत करणारासुद्धा ‘पेन पडलं’ एवढं ओरडून आपल्या वाटेनं झपाट्यानं निघून जाई. रिओत लोक पेन उचलून हातात आणून देत, कधी त्यासाठी मागे धावत. काम दोन्हीकडे झालं, पण पाहुण्याच्या आठवणीत एक शहर तुसडं राहतं आणि दुसरं प्रेमळ. देशांबद्दलचे आपले समज बहुतेक अशाच आठवणींवर उभे असतात. मदत झाली की नाही हे त्यात मागे पडतं, ती कोणत्या चेहऱ्यानं झाली हेच लक्षात राहतं.

हरवलेलं पाकीट लोक परत करतात का, हे पाहणाऱ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापले गेले. त्यात ४० देशांतल्या ३५५ शहरांत १७ हजारांहून जास्त पाकिटं वापरली गेली. पाकीट पारदर्शक होतं. आत तीन व्हिजिटिंग कार्डं, एक किल्ली, स्थानिक भाषेत लिहिलेली वाणसामानाची यादी आणि काहींत सुमारे १३ डॉलर मोलाची स्थानिक रोकड. बँक, हॉटेल, पोस्ट, नाट्यगृह अशा ठिकाणी काउंटरवर जाऊन ‘हे बाहेर सापडलं, मी घाईत आहे, तुम्ही बघा’ म्हणायचं आणि निघायचं. मग कार्डावरच्या पत्त्यावर ईमेल येतो का ते मोजायचं. पैसे नसलेल्या पाकिटांसाठी ४० टक्के वेळा ईमेल आला, पैसे असलेल्यांसाठी ५१ टक्के. अमेरिका, ब्रिटन आणि पोलंडमध्ये सुमारे ९४ डॉलर ठेवले तेव्हा प्रमाण ७२ टक्क्यांवर गेलं. पैसे वाढले तशी बेइमानी वाढली नाही, उलट स्वतःला चोर म्हणवून घ्यायचं नाही ही भावना जोर धरते, असा संशोधकांचा अर्थ आहे.

स्वित्झर्लंड आणि नॉर्वे वर होते, चीन तळाला. तेवढ्यावरून ‘चिनी माणूस अप्रामाणिक’ असा अर्थ काढणं सोपं आहे. पुढे चिनी संशोधकांनी दहा शहरांत ५०० पाकिटं देऊन पाहिली आणि नंतर ती परत मागितली. ईमेल जेमतेम चौथ्या भागानं केला होता, पण तीन चतुर्थांशांहून जास्त पाकिटं सुरक्षित सांभाळून ठेवलेली होती. मालक शोधत येईल, तोवर जपून ठेवू, हीसुद्धा प्रामाणिकपणाचीच रीत आहे. फक्त पहिल्या मोजपट्टीवर ती शून्य दिसली.

तिसऱ्या प्रकारच्या यादीत लोकांनाच विचारतात की गेल्या महिन्यात अनोळखी माणसाला मदत केलीत का. अशा पाहण्यांत जपान खाली असतो. पेन उचलून देणं म्हणजे ‘मदत’ असं तिथल्या माणसाला वाटलं नाही तर तो ‘नाही’ सांगणार. २००५ मध्ये ४९ समाजांत झालेल्या अभ्यासात तर लोकांनी आपल्याच देशबांधवांचं रंगवलेलं चित्र आणि प्रत्यक्ष मोजलेले स्वभाव यांचा मेळ बसला नाही. परक्यांबद्दलच्या चित्रावर मग किती विसंबायचं?

जिथे लोक उठसूट आभार मानत नाहीत, तिथे त्यांना उपकाराची जाणीव कमी असते का?

नाही. पाच खंडांतल्या आठ भाषांत घरगुती आणि ओळखीच्यांतलं बोलणं ध्वनिमुद्रित करून २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. मागितलेली वस्तू किंवा मदत मिळाल्यावर आभाराचे शब्द साधारण २० पैकी एकदाच आले. इंग्रजी आणि इटालियनमध्ये प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं, इक्वाडोरमधल्या चापाला भाषेत एकदाही नाही. तरी सगळीकडे माणसं एकमेकांची कामं करतच होती. अनोळखी माणूस, कचेरी किंवा दुकान असेल तिथे मात्र त्या देशाची रीत पाळावी. इंग्लंडमध्ये खिडकीवर ‘थँक यू’ गाळलं तर ते खटकतंच.

परक्या शहरात मदत मागितली तर लोक न थांबता निघून जातात. मागायची कशी?

पहिली अडचण आपल्याच मनात असते. २००८ मध्ये छापलेल्या प्रयोगांत न्यूयॉर्कमधल्या विद्यार्थ्यांना तीन अनोळखी लोकांकडून मोबाइल मागून घ्यायचा होता. दहा जणांना विचारावं लागेल असा त्यांचा अंदाज होता, प्रत्यक्षात सहा जणांत काम झालं. नकार येईल असं गृहीत धरून आपण पुटपुटतो, पाल्हाळ लावतो, आणि समोरच्याला वाटतं की काहीतरी विकायला आलाय.

माणूस निवडताना त्याचा वेग बघा. प्रिन्स्टनमध्ये १९७३ च्या प्रयोगात धर्मशास्त्राचे विद्यार्थी व्याख्यान द्यायला निघाले होते, वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, उशीर झालाय असं सांगितलेल्यांपैकी १०. म्हणून थांब्यावर उभा असलेला, दुकान मांडून बसलेला, कुत्रा फिरवणारा माणूस गाठा. बाजूनं किंवा समोरून, हातभर अंतर जास्त ठेवून जा. मागून खांद्याला हात लावू नका. पहिल्याच वाक्यात काम सांगा: ‘माफ करा, मध्यवर्ती स्टेशन कुठल्या बाजूला?’ ‘एक मदत हवी होती’ म्हणून थांबलात तर तेवढ्यात तो पुढे गेलेला असतो. पत्ता कागदावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर मोठ्या अक्षरात तयार ठेवा. आपला मोबाइल त्याच्या हातात देऊ नका आणि त्याचाही मागू नका, ‘या नंबरवर तुम्ही फोन लावाल का?’ असं म्हणा.

चक्कर आली, अपघात झाला अशा वेळी गर्दीला उद्देशून ओरडणं फुकट जातं, कारण प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणी बघेल. एकाकडे बोट दाखवा, ‘निळा शर्ट, तुम्ही अँब्युलन्सला फोन करा’ म्हणा. हे कुठल्याही देशात लागू पडतं.

जपानमध्ये हरवलेली वस्तू परत मिळतेच, हे खरं का? आम्ही तिकडे जाणार आहोत.

मिळतेच असं नाही, पण शक्यता चांगली असते, आणि त्यामागे स्वभावाइतकीच व्यवस्था आहे. चौकाचौकांत कोबान, म्हणजे छोटी पोलिस चौकी असते, त्यामुळे वस्तू द्यायला लांब जावं लागत नाही. कायद्यानं वस्तू ज्याला सापडली त्याला तिच्या किमतीच्या ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं, मात्र सात दिवसांत वस्तू जमा केली पाहिजे. तीन महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू ज्याला सापडली त्याचीच होते, मोबाइल किंवा ओळखपत्रासारखी खासगी माहितीची वस्तू सोडून. टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाला सुमारे ४० लाख वस्तू जमा होतात.

गाडीत काही राहिलं तर आधी स्टेशनच्या कर्मचाऱ्याला गाठा आणि मार्ग, दिशा, उतरल्याची वेळ, डबा साधारण कितवा ते सांगा. काही दिवसांनी वस्तू स्टेशनवरून पोलिसांकडे जाते, म्हणून कोबानमध्येही तक्रार नोंदवा आणि नोंदणी क्रमांक लिहून घ्या. वर्णन रंग आणि कंपनीवर थांबवू नका, आत काय होतं, कुठे ओरखडा आहे तेही लिहा, कारण एकसारख्या काळ्या बॅगा ढिगानं असतात. छत्री आणि कपडे दोन आठवड्यांनी विकून टाकता येतात, तेव्हा त्यांच्यासाठी लगेच जा. वस्तू घ्यायला जाताना पासपोर्ट बरोबर हवा.