आमच्याकडे आठ-नऊ प्रणाली आहेत. सिंगल साइन-ऑन (सगळ्या प्रणालींसाठी एकच लॉगिन) आणले तर एक पासवर्ड चोरीला जाताच सगळेच उघडे पडणार नाही का?

नाही. हीच शंका 2019 साली माझ्या वरिष्ठांनी काढली होती आणि प्रस्ताव बाजूला ठेवला होता, म्हणून सविस्तर लिहितो.

मी तेव्हा एका कारखान्यात सिस्टिम अ‍ॅडमिन होतो. हजेरी, भांडार, खरेदी, ईमेल अशा सात प्रणाली होत्या आणि प्रत्येकीचा पासवर्ड दर 45 दिवसांनी बदलावा लागे. अशी सक्ती करू नये, असे अमेरिकेच्या निस्ट या मानके ठरवणाऱ्या संस्थेने 2017 सालीच सांगितले होते. ते दाखवूनही उपयोग झाला नाही. भांडारातल्या एक जुन्या, अत्यंत चोख बाई सातही पासवर्ड आवक वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहीत, आणि खोडून खोडून तो कागद विरला होता. त्यांना दोष देण्याचे माझ्या मनातही आले नाही.

कोणी नोकरी सोडली की मी सात ठिकाणी जाऊन खाते बंद करीत असे. एकदा खरेदीच्या प्रणालीतले खाते राहून गेले आणि सोडून गेलेले गृहस्थ तीन महिने पुरवठादारांचे दर पाहत राहिले. ठपका माझ्यावर आला. ती चूक माझी होती हे मान्य आहे, परंतु सात याद्या हाताने सांभाळायला लावणारी व्यवस्था अशी चूक आज ना उद्या घडवतेच.

सिंगल साइन-ऑनमध्ये पासवर्ड फक्त ओळख तपासणाऱ्या सर्व्हरला दिला जातो. बाकीच्या प्रणालींकडे त्या सर्व्हरची डिजिटल स्वाक्षरी असलेले, थोडा वेळच चालणारे टोकन, म्हणजे ओळख पटल्याचा एक प्रकारचा परवाना, जाते. त्यामुळे एखाद्या जुनाट प्रणालीचा डेटाबेस फुटला तरी त्यात तुमचा पासवर्ड सापडत नाही. अशा लॉगिनसाठीचे सॅमल 2.0 हे मानक 2005 पासून आणि ओपनआयडी कनेक्ट 2014 पासून वापरात आहे, तेव्हा ही काही नवखी गोष्ट नव्हे. चोरीच्या भीतीवर उपाय म्हणजे त्या एका लॉगिनला पासकी (फोन किंवा संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा सुरक्षा-की (जवळ बाळगायचे छोटे उपकरण) जोडणे. सात ठिकाणी ते करणे आम्हाला कधीच जमले नसते.

मात्र ओळख पटवण्याचा असा दुसरा टप्पा लावणार नसाल, तर तुमची भीती खरी आहे. शिवाय मुख्य खाते बंद केले तरी एखाद्या प्रणालीत आधीच सुरू असलेले सत्र चालू राहू शकते, म्हणून सत्राची मुदत कमी ठेवा आणि प्रत्येक प्रणालीचे जुने लॉगिन पान आठवणीने बंद करा. मुख्य सर्व्हरच बंद पडला तर आत शिरण्यासाठी एक स्वतंत्र अ‍ॅडमिन खाते ठेवून त्याचा पासवर्ड सीलबंद लखोट्यात तिजोरीत ठेवावा.