बाळाला पाळण्यातून क्रिबमध्ये कधी हलवायचं?

साडेचार महिन्यांचं बाळ कुशीवर वळू लागलंय, आता पाळणा बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. हो, आजच करा. बाळ पालथं पडायला लागलं की उथळ काठांचा पाळणा धोक्याचा.

क्रिबची, म्हणजे उंच कठड्यांच्या, न झुलणाऱ्या बाळाच्या पलंगाची, सुरुवात दुपारच्या झोपेपासून करा. झोके बंद झाल्यावर आमच्या लेकीचे पहिले तीन दिवस फार रडण्यात गेले. मी छातीवर हात ठेवून थोपटत राहिले, मग रुळली.

गादी घट्ट, सपाट, चादर ताणून बसवलेली. बाकी काहीच नको: दुपटी, मऊ खेळणी, कडेच्या उशा, आजीने प्रेमाने शिवलेली मोहरीची उशीसुद्धा बाहेर. नेहमी उताणंच झोपवा. निदान ६ महिन्यांपर्यंत क्रिब तुमच्याच खोलीत ठेवा. बाळ बसायला लागायच्या आत गादी खालच्या पातळीवर घ्या.